नाशिकमधला २१ दिवसांचा ड्रायव्हिंग क्लास: फी कुठे वसूल होते, कुठे नाही

चारचाकी शिकायला क्लास लावावा का? लावावाच. घरच्या गाडीवर मामा-काकांकडून शिकण्यापेक्षा ड्युअल कंट्रोलच्या गाडीत शिकणं केव्हाही सुरक्षित. पण नाशिकमध्ये सर्वसाधारणपणे जो क्लास मिळतो, त्याला आम्ही एकच गुण देणार नाही, दोन वेगवेगळे देऊ. गाडी हलवणं, वळवणं, थांबवणं, आठ काढणं, रिव्हर्स घेणं, यासाठी पाचपैकी चार. रस्त्यावरच्या बाकीच्या माणसांशी गाडीतून कसं वागायचं, यासाठी पाचपैकी दीड. हा दुसरा भाग अभ्यासक्रमात आहे, तुमच्या फीतही धरलेला आहे. फक्त तो कुणी मागत नाही, म्हणून मिळत नाही.

कुठल्या एका क्लासचं नाव घेऊन हे लिहिलेलं नाही. कॉलेज रोड असो, सिडको असो की नाशिकरोड, जिथे चौकशीला जाल तिथे काय तपासायचं आणि काय हक्काने मागून घ्यायचं, ते इथे सांगितलं आहे.

पहिला हिशेब तासांचा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ३१ प्रमाणे खासगी चारचाकीचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं हवं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान १० तास हवेत. दहा तास भागिले एकवीस दिवस म्हणजे रोज साधारण २९ मिनिटं, तीही स्टिअरिंग तुमच्या हातात असताना. आता नेहमीची पद्धत बघा. गाडीत तिघे शिकणारे, तासाभराची फेरी, प्रत्येकाच्या वाट्याला २० मिनिटं. २१ दिवसांत झाले ७ तास. ‘१५ दिवसांचा स्पेशल कोर्स, रोज अर्धा तास’ असेल तर साडेसात. मागच्या सीटवर बसून दुसऱ्याचं बघण्यानेही शिकता येतं, पण ते तुमच्या तासांत धरता येत नाही.

हे तपासायला वाद घालावा लागत नाही. कोणी कोणत्या दिवशी किती वेळ गाडी चालवली याची नोंद ठेवायला क्लासकडे नमुना १५ ची वही असते. चौकशीला गेल्यावर विचारा, ‘पंधरा नंबरच्या फॉर्मवर माझी नोंद रोज होईल ना?’ समोरचा माणूस सहज हो म्हणाला तर तो क्लास बरा. ‘ते आम्ही शेवटी एकदम भरतो’ असं उत्तर आलं तर पुढचा क्लास बघा. क्लासचा परवाना नमुना ११ मध्ये असतो आणि तो दिसेल असा लावलेला असावा लागतो. अभ्यासक्रम शिकवायला खोलीत वाहतूक चिन्हांचा तक्ता, सिग्नलचा तक्ता, रस्त्याच्या आराखड्याचा बोर्ड हवा. हे तक्ते धूळ खात भिंतीला टेकलेले असतील, तर वर्गातले तास होत नाहीत हे उघड आहे.

आता गाडीकडे येऊ. ड्युअल कंट्रोल म्हणजे शिक्षकाच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच. दोन्हीकडचे पेडल केबलने किंवा रॉडने जोडलेले असतात. शिक्षकाने त्याचा क्लच दाबला की तुमच्या पायाखालचा क्लचही आपोआप खाली जातो. हा जीव वाचवणारा भाग आहे आणि नियमाने सक्तीचाही आहे. पण शिकणाऱ्याची सगळ्यात मोठी फसगतही इथेच होते. तुम्ही सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या सिग्नलला अलगद थांबता, हिरवा झाल्यावर न झटकता निघता आणि तुम्हाला वाटतं, जमलं! प्रत्यक्षात क्लच शिक्षकाने सोडलेला असतो. ओळखायची खूण सोपी आहे. बूट पातळ तळव्याचा घाला, पाय पेडलवर हलका ठेवा आणि लक्ष तळव्याकडे द्या. तुम्ही जोर न लावता पेडल बुडालं, तर तो पाय तुमचा नव्हता. दर वेळी विचारा, ‘सर, आत्ता तुम्ही दाबला का?’ पहिला आठवडा त्यांनी दाबणं योग्यच आहे. दहाव्या दिवसानंतर ते फक्त धोक्याच्या वेळी व्हायला हवं.

हे नीट झालं नाही तर त्रास मागच्यालाही होतो. गंगाघाटावरून जुन्या नाशिकात चढणाऱ्या गल्लीत किंवा उड्डाणपुलाच्या रॅम्पवर गाडी थांबली, की मागे हातभर अंतरावर स्कूटर उभी असतेच. तिथे गाडी वीतभर मागे सरकली तरी बंपर तिच्या चाकाला लागतो. चढावर निघायची रीत अशी: हँडब्रेक पूर्ण ओढलेला, क्लच तळाला, पहिला गिअर. क्लच अगदी हळू वर आणा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो आणि बोनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. पाय तिथेच थांबवा. ॲक्सिलरेटर हलका द्या, मग हँडब्रेक सोडा. गाडी जागची हलत नाही असं दिसल्यावरच क्लच पुढे सोडायचा. चुकतं ते बहुतेक एकाच ठिकाणी: आवाज जड व्हायच्या आधीच हँडब्रेक सुटतो. सलग दहा वेळा मागे न सरकता निघता येईपर्यंत हा धडा सोडू नका. आणि तुम्ही कुणाच्या मागे थांबाल तेव्हा पुढच्या गाडीची मागची चाकं जिथे रस्त्याला टेकतात ती जागा तुमच्या बोनेटवरून दिसली पाहिजे. तेवढं अंतर राहिलं तर पुढचा नवशिका मागे सरकला तरी कुणाचं नुकसान होत नाही.

दुसरी परीक्षा कानाने घ्यायची. पैसे भरण्याआधी एक फेरी मागच्या सीटवर बसून बघायला मागा. शिक्षक ‘हॉर्न दे’ किती वेळा म्हणतो आणि ‘आरसा बघ’ किती वेळा म्हणतो, ते बोटांवर मोजा. पंधरा मिनिटांत हॉर्न वीसदा आणि आरसा दोनदा, असा आकडा आला तर तो क्लास तुम्हाला आणखी एक कर्कश गाडीवाला बनवणार. हॉर्न म्हणजे ‘मी इथे आहे, तुम्हाला दिसत नाहीये’ एवढंच सांगायचं साधन. सिग्नल हिरवा झाल्याची बातमी द्यायला तो नाही. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. त्र्यंबक रोडवरचं सिव्हिल हॉस्पिटल आणि सीबीएसजवळचं जिल्हा न्यायालय, दोन्ही क्लासच्या गाड्यांच्या रोजच्या वाटेवरची ठिकाणं. विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवणं आणि मनाई असलेल्या भागात वाजवणं यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४एफ खाली पहिल्यांदा १,००० आणि पुन्हा २,००० रुपये दंड आहे.

आरशाचं मात्र सविस्तर शिकून घ्या. आतला आरसा असा लावायचा की मागची काच पूर्ण दिसावी आणि आपलं डोकं न हलवता दिसावी. बाहेरच्या दोन्ही आरशांत आपल्या गाडीची बाजू अगदी बारीक पट्टीएवढी, बाकी सगळा रस्ता, आणि क्षितिज साधारण मधोमध. तरीही दोन्ही बाजूंना मागच्या दाराशेजारी एक आंधळा कोपरा उरतोच, त्यात अख्खी मोटरसायकल मावते. म्हणून लेन बदलताना क्रम असा: आरसा, इंडिकेटर, मान वळवून खांद्यावरून एक नजर, मगच स्टिअरिंग. इंडिकेटरने किमान चार-पाच वेळा लुकलुक केली पाहिजे, म्हणजे साधारण तीन सेकंद. वळता वळता दिलेला इंडिकेटर मागच्याला काहीच सांगत नाही. आमच्या मते चांगला शिक्षक ओळखायची ही सर्वांत खात्रीची खूण आहे: मान वळवली नाही म्हणून तो गाडी बाजूला घ्यायला लावतो.

सर्कलचा धडा नाशिकमध्ये तरी वगळून चालत नाही. मुंबई नाक्यासारख्या मोठ्या सर्कलमध्ये शिरताना उजवीकडून, म्हणजे सर्कलमध्ये आधीच फिरत असलेल्या गाड्यांना पहिला हक्क आहे. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांतही हेच आहे. शिरण्याआधी वेग कमी, दुसरा गिअर, उजवीकडे बघायचं, फट मिळाली की शिरायचं. ज्या रस्त्याला बाहेर पडायचं त्याच्या आधीचा रस्ता ओलांडला की डावा इंडिकेटर लावायचा, म्हणजे तिथे थांबलेल्याला कळतं की हा बाहेर पडतोय, आपण निघू शकतो. एवढ्या एका इंडिकेटरने चार गाड्यांचा खोळंबा वाचतो.

आणि एक सवय काही ठिकाणी चक्क शिकवली जाते, ती मोडून काढायला हवी: चौकात सरळ जायचंय म्हणून चारी इंडिकेटर लावणं. डावीकडून येणाऱ्याला तुमच्या गाडीची फक्त डावी बाजू दिसते, त्याला वाटतं हा डावीकडे वळतोय. उजवीकडच्याला वाटतं उजवीकडे. दोघंही त्याच हिशेबाने पुढे येतात. चारी इंडिकेटर असतात ते बंद पडलेल्या किंवा अडथळा होऊन थांबलेल्या गाडीसाठी. सरळ जाताना कुठलाच इंडिकेटर नको. पावसातही चालत्या गाडीला चारी नकोत, कारण मग तुम्ही वळणार आहात हे मागच्याला कळायची सोयच राहत नाही.

डावं वळण नेहमीच मोकळं असतं, हा आणखी एक गैरसमज. लाल दिवा असताना डावीकडे वळायला तिथे तशी पाटी किंवा हिरवा बाण लागतो. दोन्ही नसेल तर स्टॉप लाइनच्या अलीकडे थांबायचं. झेब्रा हा पायी चालणाऱ्यांचा. त्यावर बोनेट नेऊन उभं राहिलं की बाईमाणसं, मुलं, म्हातारी माणसं गाडीला वळसा घालून भर रहदारीत उतरतात.

वेळ कोणती निवडता याला फार महत्त्व आहे. शिकणाऱ्याला सकाळी साडेसहाची बॅच आवडते, रस्ता रिकामा असतो. पहिले आठ-दहा दिवस तेच योग्य. पण सगळे २१ दिवस पहाटेच गेले, तर संध्याकाळी सातच्या द्वारका चौकात तुम्ही पहिल्यांदा एकटे उतरणार. प्रवेश घेतानाच ठरवून घ्या: शेवटच्या आठवड्यात तीन दिवस संध्याकाळची वेळ, त्यातला एक तरी पूर्ण अंधार पडल्यावर.

अंधारातला धडा म्हणजे डिपर, हेडलाइटचा खाली पडणारा झोत; लांबवर जाणारा तो अप्पर. शहरात रस्त्यावर दिवे असताना अप्पर लावायचं कारणच नाही. बाहेर समोरून गाडी येताना डिपर, आणि आपण कुणाच्या मागे असलो तरी डिपर, कारण अप्परचा झोत त्याच्या आरशातून थेट डोळ्यांत जातो. समोरच्याने अप्पर ठेवला तर आपणही ठेवून त्याला धडा शिकवू नका, मग समोरासमोर दोन आंधळे ड्रायव्हर होतात. वेग कमी करा आणि नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर न्या. डिपरमध्ये साधारण ४० मीटरपर्यंतचं भरवशाने दिसतं. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. दिसल्यापासून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला आणि रस्ता कोरडा असला, तरी पूर्ण थांबायला ३५ ते ४० मीटर लागतात. म्हणजे डिपरवर ६० ही वरची हद्द, ओल्या रस्त्यावर त्याहूनही कमी. पिंपळगाव, लासलगावकडे कांदा नेणारी ट्रॉली रिफ्लेक्टरशिवाय पुढे असली, तर ती दिसते तेव्हा हातात तेवढंच अंतर असतं.

आता असा एक धडा जो कुठल्याही क्लासच्या पत्रकावर छापलेला दिसत नाही, पण या जिल्ह्यात गाडी चालवणाऱ्याला आलाच पाहिजे. पौष वद्य एकादशीला निवृत्तीनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकेश्वरला जातात. श्रावणी सोमवारी तोच रस्ता पुन्हा पायी माणसांनी भरतो. चैत्रात सप्तशृंगगडाची वाट धरलेले भाविक दिंडोरी रोडने रात्री-पहाटेही चालत असतात. उन्हाच्या आधी अंतर कापायचं म्हणून ते अंधारात निघतात. बरेच जण डाव्या कडेने, म्हणजे गाड्यांकडे पाठ करून चालतात. कपडे गडद, कुणाच्या हातात बॅटरी असते, कुणाच्या नसते. अशा वेळी पहिला चालणारा दिसताच वेग ३० पर्यंत उतरवायचा, कारण एक दिसला म्हणजे पुढे पन्नास आहेत. डिपर ठेवायचा. बाजूने जाताना किमान दीड मीटर जागा सोडायची. समोरून गाडी येत असेल आणि तेवढी जागा मिळत नसेल, तर दिंडीच्या मागेच थांबायचं, ती गाडी जाऊ द्यायची, मग निघायचं. आणि पाठीमागून हॉर्न द्यायचा नाही. थकलेला माणूस अचानक आवाजाने दचकतो आणि दचकून कुठल्या बाजूला सरेल, सांगता येत नाही. क्लासच्या काळात अशी यात्रा आली, तर शिक्षकाला मुद्दाम त्या रस्त्याला न्यायला सांगा. शेजारी ब्रेकवर पाय ठेवलेलं कुणी असताना हे शिकायची संधी पुन्हा येत नाही.

रुग्णवाहिकेला वाट देणं सगळ्यांना मान्य असतं, ऐन वेळी जमत मात्र नाही. नवशिका सायरन ऐकून जागच्या जागी ब्रेक दाबतो आणि तीच गाडी आडवी होते. आधी आरशात बघायचं ती कुठल्या बाजूने येतेय, डावा इंडिकेटर द्यायचा, डावीकडे सरकत वेग कमी करायचा. ती गेल्यावर तिच्या मागे लागून गर्दीतून निसटायचं नाही. वाट न देण्याला कलम १९४ई खाली १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. हे शिक्षकाने एकदा गाडी थांबवून, बाजूला घ्यायचा सराव देऊन दाखवलं पाहिजे.

एक लहानशी गोष्ट, खर्च शून्य. गाडी पार्क केल्यावर ड्रायव्हरचं दार डाव्या हाताने उघडायचं. उजवा हात दाराला अगदी जवळ असतो, म्हणून आपण सवयीने त्यानेच ढकलतो आणि नजर समोरच राहते. डावा हात हँडलपर्यंत न्यायचा तर खांदा वळतो, मान मागे फिरते आणि मागून येणारी सायकल, स्कूटर दिसते. दार आधी चार बोटं उघडायचं, पुन्हा बघायचं, मग पूर्ण. कॉलेज रोडला दाट पार्किंगमध्ये दारावर आदळून पडणारा दुचाकीवाला याने वाचतो. डाव्या बाजूने उतरणाऱ्यांनी उजवा हात वापरायचा.

पैशांचं थोडक्यात. फी गाडीच्या मॉडेलप्रमाणे, घरून नेण्या-आणण्याप्रमाणे बदलते, तिची तुलना तासांवर करा, दिवसांवर नको. ‘आरटीओचा खर्च’ वेगळा लिहून मागा. केंद्रीय नियमांप्रमाणे शिकाऊ परवान्याचे प्रत्येक वर्गाला १५० आणि चाचणीचे ५०, पुढे पक्क्याच्या वेळी चाचणीचे ३०० आणि परवान्याचे २०० रुपये आहेत. त्यावर इतर किरकोळ शुल्क लागू शकतं, पण आकडा याच्या कितीतरी पट सांगितला तर कशाचे ते विचारा. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळून ३० दिवस झाल्यावरच पेठ रोडच्या आरटीओत पक्क्याची चाचणी देता येते. म्हणजे क्लास संपल्यावर आठ-नऊ दिवस हातात उरतात. ते घरच्या गाडीवर सरावाला वापरा, पण पुढे-मागे ‘एल’ची पाटी हवी: पांढऱ्यावर लाल, १८ सेंटीमीटर चौरस, अक्षराची उंची किमान १० सेंटीमीटर. आणि शेजारच्या सीटवर पक्क्या परवान्याचा माणूस. ही पाटी बघून मागचे लोक दोन पावलं दूर राहतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. अठरा पूर्ण नसलेल्या मुलाला कुणी ‘शिकवून ठेवतो’ म्हणाला तर तिथून उठा. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सिम्युलेटर असेल तर पहिले दोन दिवस वापरा, स्टिअरिंग आणि गिअरचा क्रम हाताला बसतो. क्लचची जाणीव त्यात येत नाही, म्हणून ते तास दहात मोजू देऊ नका.

शेवटच्या दिवशी क्लासकडून नमुना ५ चं प्रमाणपत्र मिळतं. ते हातात घेण्याआधी एक फेरी मागा: संध्याकाळी सहानंतर, अशोक स्तंभावरून निघून सीबीएस, मुंबई नाका करत द्वारकेपर्यंत आणि परत. अट एवढीच, की शिक्षकाने बोलायचं नाही आणि धोका नसेल तर पेडलला हात-पाय लावायचा नाही. सर्कलमध्ये उजवीकडच्याला वाट दिली, झेब्र्याच्या अलीकडे थांबलात, लेन बदलताना दर वेळी मान वळली, आणि तळव्याखालचा क्लच एकदाही आपोआप बुडाला नाही, तर प्रमाणपत्र घ्या. बुडाला, तर आणखी पाच दिवस वाढवून घ्या आणि ते पाचही संध्याकाळचे घ्या.